वेळेचे बंधन हा उपाय नव्हे



मुलींनी सातच्या आत वसतिगृहात यावे, असे सुचवणारे गेल्या अंकातील पत्र वाचून स्वस्थ बसवेना. सप्टेंबर २०१७मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली ती संध्याकाळी, विद्यापीठाच्या आवारातच. सुरक्षारक्षक मदतीला आले नाहीत, उलट ‘इतक्या उशिरा बाहेर कशाला?’ असे तिलाच विचारले गेले, ही विद्यार्थिनींची तक्रार होती. मुली सिंहद्वारापाशी धरणे धरून बसल्या, तर लाठीमार झाला. वेळेचे बंधन तिथेही होते.

पत्रलेखकांना खोट्या तक्रारींची धास्ती वाटते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात हेतुपुरस्सर खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. मात्र केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

खरे दुखणे वेगळेच आहे. मी शिकवत होते त्या महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समितीचा फलक जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या आड होता. त्यावर नंबर होता तो केव्हाच निवृत्त झालेल्या बाईंचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार समितीत संस्थेबाहेरचा सदस्य लागतो, विद्यार्थ्यांचे प्रकरण असल्यास त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही लागतात आणि चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. तक्रार करायला मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. ‘कॉलेजचं नाव जाईल, परीक्षा होऊ दे, मग बघू’ असे वरिष्ठांनी समजावले की ते महिने हां हां म्हणता सरतात. पत्रलेखकांनी आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन तो फलक कुठे आहे, एवढे तरी विचारावे.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा