पारा, मासा आणि सोनें

संस्कृतांत पाऱ्याला 'पारद' म्हणतात, आणि जो पार नेतो तो पारद, अशी त्याची व्युत्पत्ति रसशास्त्राचे आचार्य सांगत आले. शाळेंत असतांना मींही ती मुलांना मोठ्या कौतुकानें सांगितली आहे. आतां मात्र ती आठवली कीं मन अडखळतें. कारण ब्राझील देशांतील टापाझोस नदीच्या कांठीं हाच पारा माणसांना कोणत्या पार नेतो, तें वाचनांत आलें आहे.

टापाझोस ही ॲमेझॉनची मोठी उपनदी. तिच्या खोऱ्यांत १९५८ सालीं सोनें सांपडलें, आणि १९८० नंतर तर सोनें शोधणाऱ्यांची तेथें झुंबड उडाली. गाळांतील सोन्याचे कण फार बारीक असतात. त्यांत पारा मिसळला कीं तो सोन्याला बिलगतो. मग तो गोळा आगीवर धरला, कीं पारा वाफ होऊन उडून जातो व सोनें हातीं राहतें. उडालेला पारा पावसाबरोबर खालीं येतो आणि सांडलेला सरळ नदींत जातो. शिवाय जंगल तोडून जाळलें, म्हणजे मातींत मुळांतच असलेला पारा धुपून पाण्यास मिळतो, तो वेगळाच. पाण्याच्या तळाशीं, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथील सूक्ष्म जंतु त्याचें मिथिल मर्क्युरी नांवाच्या अधिक घातक द्रव्यांत रूपांतर करतात. हें द्रव्य शेवाळांतून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत व लहान माशांतून मोठ्या माशांत जातें, आणि प्रत्येक पायरीस त्याचें प्रमाण वाढतें. रांधल्यानें तें नाहींसें होत नाहीं. आणि आपल्याकडे जसा वरणभात, तसा त्या नदीकांठीं मासा हें रोजचें अन्न आहे.

पाऱ्याची बाधा म्हटली कीं जपानांतील मिनामाता गांव आठवतें. तेथील रोग १९५६ सालीं उघडकीस आला. तो ज्ञानतंतूंचा, म्हणून बराच काळ शास्त्रज्ञांची दृष्टि मेंदूवरच राहिली. पुढें पूर्व फिनलंडमधील पुरुषांची पाहणी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या केसांत दर ग्रॅमास २ मायक्रोग्रॅम किंवा अधिक पारा होता, त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या सुमारें दुप्पट आढळला. टापाझोसच्या कांठच्या सहा गांवांतील २५१ माणसांचीही तपासणी झाली व ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली. केसांत १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक पारा असलेल्यांत वरचा रक्तदाब १३० वा त्यावर असण्याचा संभव बराच जास्त दिसला.

असें कां व्हावें? पारा आणि गंधक एकत्र खलले कीं त्यांची काळी कज्जली होते, हें वैद्यांच्या घरीं सर्वांस ठाऊक असतें. शरीरांतील अनेक प्रथिनांतही गंधक असतें, आणि पारा तेथेंही तसाच जाऊन चिकटतो. त्यामुळें पेशींचें रक्षण करणारीं द्रव्यें निकामी होतात व रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होते. स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींनाही त्याची इजा पोंचते, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. म्हणून मधुमेहाशीं त्याचा संबंध शोधला जात आहे. मात्र सत्याला धरून हेंही सांगितलें पाहिजे, कीं अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत (२०११) अल्प पाऱ्यामुळें हृदयरोग वाढल्याचें दिसलें नाहीं. पण टापाझोसच्या कांठचें प्रमाण अल्प नव्हे.

मग त्या लोकांनीं मासा सोडावा काय? उपदेश करणें सोपें असतें. पण ज्याच्या ताटांत दुसरें कांहीं नाहीं, त्यानें मासा सोडून खावें काय? माशांतील स्निग्धांश हृदयाला हितकारक असतात. त्यांच्या जागीं साखर, मैदा व डबाबंद मांस आलें, तर स्थूलता, मधुमेह व रक्तदाब हे त्यांच्यामागोमाग येणारच. म्हणजे ज्या हृदयासाठीं मासा सोडावा, तेंच पुन्हां संकटांत पडावयाचें. म्हणूनच तेथें काम करणाऱ्या संशोधकांनीं गांवकऱ्यांना एवढेंच सांगितलें, कीं जे मासे दुसऱ्या माशांना खात नाहींत, ते अधिक खा. तेथल्याच एका गांवांत २६ स्त्रियांनीं वर्षभर रोज काय खाल्लें त्याची नोंद ठेविली. मासे तितकेच खाऊनही, ज्या फळें अधिक खात, त्यांच्या केसांत पारा कमी निघाला. घरांतील स्त्रीनें ठेविलेली रोजची नोंदवही शास्त्राच्या केवढ्या उपयोगी पडली, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

'आमच्या घरांत मासा शिजत नाहीं, आम्हांला याचें काय?' असें पुष्कळ घरांतून म्हटलें जाईल. मासा नसेल, पण सोनें आहे. २०१५ सालीं मनुष्यकृत्यांमुळें जगाच्या हवेंत जो पारा गेला, त्यांतील सुमारें ३८ टक्के अशा लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामांतून गेला होता. पाऱ्याला आळा घालण्यासाठीं झालेला मिनामाता करार २०१७ सालीं अमलांत आला, व भारतानें त्यास २०१८ सालीं मान्यता दिली. परंतु करार सरकारें करतात, आणि सोनें आपण घेतों. एकदां आटविलेलें सोनें कोणत्या नदीचें, तें सराफही सांगूं शकत नाहीं.

तेव्हां यंदा घरांत मुंज वा लग्न निघालें, तर नवें सोनें घेण्यापूर्वीं कपाटांतील डबा एकदां उघडावा. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि तींत कमीपणा कोणी मानीत नसे. अशा बांगड्यांसाठीं कोणत्याही नदींत नवा पारा ओतावा लागत नाहीं. दूरच्या नदीकांठीं कोणाचें हृदय त्यामुळें सुखरूप राहिलें, हें आपणांस कधीं कळणार नाहीं. तरी तें आपलें कर्तव्य होय.