संरक्षक पोशाख : चढविताना आणि उतरविताना

कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली म्हणजे किती पक्षी गेले व नुकसानभरपाई किती मिळाली, याची चर्चा घरोघर होते. परंतु रोगी पक्षी हाती धरून त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या माणसाचा विचार क्वचितच होतो.

भारतात पाळीव कोंबड्यांमधील या रोगाची पहिली नोंद 18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. 2021 साली नवापुरात ही साथ पुन्हा उद्भवली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात हरियाणातील एका बालकाचा दिल्लीत या रोगाने मृत्यू झाला. माणसास हा रोग क्वचितच होतो. तथापि झाल्यास तो प्राणघातक ठरू शकतो.

पक्ष्याची विष्ठा, लाळ व नाकातील स्राव यांत रोगाचे विषाणू असतात. पक्षी पंख फडफडवू लागला की ते धुळीबरोबर उडतात आणि डोळे, नाक व तोंड यांवाटे शरीरात शिरतात. म्हणून अंगभर झगा, टोपी, गमबूट, हातमोजे, बंद चष्मा आणि एन-95 जातीची मुखपट्टी ही सारी साधने आवश्यक होत. मुखपट्टी चेहऱ्यास घट्ट बसली पाहिजे. दाढी वाढलेली असल्यास ती नीट बसत नाही.

परंतु खरा धोका पोशाख उतरविताना असतो. उन्हात घामाने जीव कासावीस होतो, चष्म्यावर वाफ धरते, आणि थकलेला मजूर सर्वांत आधी मुखपट्टी ओढून काढतो व त्याच हाताने डोळे पुसतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. प्रथम पायातील गमबूट जंतुनाशकाने धुवावेत. नंतर हातमोजे व झगा आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीने काढून हात धुवावेत. मग चष्मा, आणि सर्वांत शेवटी मुखपट्टी बंदाला धरून काढावी. पुन्हा साबणाने हात धुवून स्नान करावे. कामाचे कपडे घरी मुळीच नेऊ नयेत.

जबलपूरला 1948 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. अशा संस्थांतून शिकलेल्या पशुवैद्यास हा क्रम सांगावा लागत नाही. तो रोजंदारीवर आलेल्या मजुरास सांगावा लागतो, आणि प्रत्यक्ष करून दाखवावा लागतो. त्यास मधूनमधून सावलीत विसावा व पिण्यास पाणी देणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. अर्थात पाणी पिण्यापूर्वी पोशाख याच क्रमाने उतरवावा.

आपल्या घरातील कोणी असे काम केले असेल, तर त्यानंतर दहा दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवा. ताप, खोकला, श्वासास त्रास किंवा डोळ्यांची लाली दिसताच डॉक्टरांकडे न्या आणि कामाचे स्वरूप आधी सांगा. औषध वेळेवर सुरू झाले तरच त्याचा पुरेपूर उपयोग होतो. मजुरी बुडेल या भीतीने आजार लपविण्याची पाळी कोणावर येऊ नये, ही मात्र काम देणाऱ्याची जबाबदारी होय.