कुटुंबास गाडी कोणती?

हल्ली गाडी घ्यावयाची म्हणजे ती उंच व रुबाबदार ‘एसयूव्ही’च असली पाहिजे, असा समज रूढ झाला आहे. परंतु गाडी मिरवण्याकरितां नसून घरांतील माणसांच्या सोयीकरितां असते.

१९८३ सालीं अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें आपली ‘मिनिव्हॅन’ काढली. १९८४ सालीं आपल्याकडे मारुतीची व्हॅन आली. दोहोंचें मागलें दार बाजूस सरकणारें. असें दार अरुंद गल्लींत उघडलें तरी सायकलस्वारास धक्का लागत नाहीं. शिवाय मिनिव्हॅनची भुई सखल असल्यामुळें आजीस चढतांना गुडघ्यांचे हाल सोसावे लागत नाहींत, व मागल्या रांगेंतहि मोठीं माणसें नीट बसतात.

खडकाळ वाट किंवा चिखल जेथें नित्याचा, तेथें एसयूव्हीच योग्य, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बहुतेकांचा प्रवास शाळा, कचेरी, बाजार व इस्पितळ एवढाच असतो.

आणि गाडीबाहेरच्यांचें काय? विमाकंपन्यांच्या एका अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं असें दाखविलें कीं, दर्शनी भाग ४० इंचांहून उंच असल्यास पादचारी दगावण्याचा संभव सखल, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षां सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो. मोठ्या एसयूव्हींचें नाक बहुधा असेंच उंच असतें.

म्हणून पालकांनीं गाडी घेण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांस आंत चढवून पाहावें, स्वतः मागल्या रांगेंत बसावें, आणि यंत्र बंद असतां पुढें उभें केलेलें मूल चालकाच्या जागेवरून दिसतें कीं नाहीं, हें अवश्य तपासावें.