आवाज कुणाचा?

नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे वळा किंवा कापूरहोळवरून भोरकडे, रस्त्याच्या कडेला दोन गोष्टी हमखास दिसतात. मंगल कार्यालयं आणि रिसॉर्ट. (सरकारी कागदावर वेल्हे तालुका आता राजगड झालाय, पण तोंडाची सवय जाते थोडीच!) आयटीवाल्यांची ऑफसाइट तिकडेच, मामेबहिणीचं लग्नही तिकडेच. वऱ्हाड पन्नासेक किलोमीटर तुडवून पोचतं आणि मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ सोडून कुणाला एक शब्द कळत नाही.

आता समजा, तिकडे जमीन तुमच्याच घरची आहे. बाबांनी कर्ज काढून हॉल उभा केलाय आणि ‘तू कॉम्प्युटरमधला ना, मग साउंडचं तू बघ’ म्हणून ते खातं तुमच्या गळ्यात पडलंय. दुकानदार सांगतो, ‘साहेब, डीएसपी टाका, टेन्शन खल्लास!’

डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर. माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसणारा डबा. कुठला माईक कुठल्या स्पीकरवर जाईल, किती मोठा, किती उशिरा, हे सगळं तो ठरवतो. माईकने कुंई केली की ती दाबतो, आवाज हद्दीबाहेर चालला की लगाम खेचतो. पण एक काम त्याला अजिबात जमत नाही. घुमणारा हॉल तो सुधारू शकत नाही. वर पत्रा, खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना सिमेंट आणि काच, असा आपला ठरलेला फंडा. तिथे शब्द भिंतीवर आपटून परत येतो तोवर पुढचा निघालेला असतो. तेव्हा बजेटमधला पहिला हिस्सा जाड पडदे आणि छताखालच्या आवाज शोषणाऱ्या पॅनेल्सना. हे ऐकून बाबा नाराज होतील, कारण पॅनेलवर दिवे लुकलुकत नाहीत.

पत्र्याचं आणखी एक दुखणं म्हणजे आपला पाऊस. जुलैत तोरण्याच्या पायथ्याला तो पत्र्यावर कोसळायला लागला की बोलणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. बोलणं नीट कळायला ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावं लागतं. काही प्रोसेसरमध्ये गोंगाट मोजून आवाज आपोआप वरखाली करायची सोय असते. मुंबईच्या मॉलमध्ये ती चैन असेल, वेल्ह्यात गरज आहे. मात्र वरची मर्यादा बांधून घ्या, नाहीतर पाऊस आणि स्पीकर यांची जुगलबंदी सुरू होईल.

लांबट हॉलमध्ये मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर लागतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे १७ मीटर जायला त्याला ५० मिलिसेकंद लागतात. वायरीतला सिग्नल मात्र क्षणात पोचतो. मागचा स्पीकर तेवढा थांबवला नाही तर मागे बसलेल्या आजीला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ही डिलेची सोय प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र हवी.

ऑफसाइटचं गिऱ्हाईक धरायचं असेल तर ऑटोमिक्सर बघा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की कुंई होण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. म्हणून जो बोलतोय त्याचाच माईक उघडा ठेवणारी ही सोय. व्हिडिओ कॉल होणार असतील तर एको कॅन्सलेशनही लागेल. निव्वळ लग्नाच्या हॉलला त्याचे पैसे कशाला?

बाजारात दोन जाती आहेत. एकात आतली मांडणी कंपनीनेच ठरवलेली. दुसरीत लॅपटॉपवर ठोकळे जोडत तुम्ही हवी ती मांडणी करता. बायॅम्प, क्यू-सिस ही नावं या दुसऱ्या गोतावळ्यातली. एका हॉलला पहिली भरपूर झाली. रिसॉर्टमध्ये हॉल, रेस्टॉरंट, लॉन असे झोन पसरलेले असतील तर दुसरी. मग डान्टेसारखं नेटवर्क कामाला येतं, म्हणजे इंटरनेटच्याच जातीच्या केबलमधून आवाज. तांब्याच्या अशा केबलचा एक पल्ला १०० मीटरच, पुढे फायबर.

आणि शेजारी? डोंगरातल्या गावात रात्री आवाज लांबवर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत वाजवायला सूट आहे, उघड्या लॉनला नाही. प्रोसेसरला घड्याळ असेल तर लॉनचा झोन १० वाजता आपोआप बंद करता येतो. नवरदेवाच्या मित्रांशी हुज्जत घालायला बाबांना उभं राहावं लागत नाही, ‘मशीनच बंद होतंय हो’ म्हणायचं!

वीज जाऊन आली की सेटिंग जागच्या जागी परत यायला हवं. विकत घेण्याआधी दुकानातच प्लग खेचून बघा. आणि शेवटचं बिल चुकतं करण्याआधी कॉन्ट्रॅक्टरकडून सेटिंगची फाइल आणि पासवर्ड पेनड्राइव्हवर घ्या. ते राहिलं, तर पुढच्या मोसमात एक माईक वाढवायलाही त्यालाच पुण्याहून बोलवावं लागेल, आणि ऐन मुहूर्ताच्या दिवसांत त्याचा फोन बिझी असतो.