भाड्याच्या खोलीचे काय?

मुंबईतील गरिबाच्या घराचा विषय निघाला की आमचे राज्यकर्ते ताबडतोब मालकीच्या सदनिकेची गोष्ट सांगू लागतात. सोडत, चटईक्षेत्र, पुनर्वसन, मोफत घर हे शब्द गेली तीस वर्षे या शहराच्या कानांवर पडत आहेत. एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. येत्या महिन्यात ज्याला खोलीचे भाडे द्यावयाचे आहे आणि ज्याच्या हाती ते नाही, त्याने जावे कोठे?

आपल्या घरी धुण्याभांड्यांस येणारी बाई, इमारतीच्या दाराशी रात्र काढणारा पहारेकरी, दुकानातला नोकर ही माणसे चालू महिन्याचे भाडे कसेबसे भागवितात. त्यांचा पाय अडतो तो अनामतीपाशी. समजा, कुर्ल्यास आठ हजार रुपयांची खोली मिळाली आणि मालकाने पन्नास हजार अनामत मागितली. दलालाचा महिना निराळा, कराराचा खर्च निराळा. हे पैसे सावकाराकडून येतात किंवा बायकोच्या मंगळसूत्रातून. घरात एक मोठे आजारपण आले की अनामतीतून भाडे वळते होऊ लागते, आणि ती संपली की ते कुटुंब अधिक लहान व अधिक दूरच्या खोलीच्या शोधास निघते. मुलांची शाळा तेथेच तुटते. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील सुमारे 52 लाख माणसे झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले. त्याच जनगणनेत या शहरातील सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले तर केवळ बांधकाम वाढविल्याने हा प्रश्न सुटत नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

कायद्याने भाडेकरूचे रक्षण केले नाही काय? केले, पण आधीच आत असलेल्याचे. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठविली. चाळी टिकल्या, नव्या मात्र कोणी बांधीनासा झाला, आणि पागडी बोकाळली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या गोठवणुकीस अन्याय्य ठरविले व 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आला. आज बाहेरून येणारा गरीब या संरक्षणात येतच नाही; तो अकरा महिन्यांच्या परवानगी-करारावर राहतो आणि त्याची अनामत किती असावी यास त्या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे, पण ती स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे.

सरकारने प्रयत्नच केला नाही असे आम्ही म्हणत नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली. तिचे पुढे काय झाले? पनवेलजवळ कोन येथील 2,417 घरे 2016 मध्ये सोडतीने गिरणी कामगारांना विकण्यासाठी दिली गेली. कामगारांस घर मिळावे याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु भाड्याचे घर म्हणून बांधलेले शेवटी मालकीचेच झाले, हे ध्यानात घ्यावे.

आणि गरिबाला भाड्यासाठी पैसे देण्याची कल्पना आपल्याकडे अपरिचित आहे असेही नव्हे. झोपडपट्टी पुनर्वसनात इमारत उभी राहीपर्यंत विकासकाने रहिवाशास दरमहा भाडे द्यावयाचे असते. हे भाडे थकते, झोपडी आधीच पाडलेली असते, नवी इमारत पायापाशी थांबलेली असते, आणि ज्या खोलीत कुटुंब राहते तिचा मालक दारात उभा असतो. न्यायालयात तक्रारी गेल्या, तेव्हा कोठे 2023 मध्ये प्राधिकरणाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याचे बंधन घातले. जे बंधन योजनेच्या पहिल्या दिवशी घालावयाचे, ते सुचण्यास अठ्ठावीस वर्षे लागली!

समाजाकडून होणारी मदतही आटली आहे. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या असत. वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत, भाडे वाटून घेत, आणि काम सुटलेल्यास गाववाले सांभाळून घेत. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते हालाखीचे होते. पण खोली जाऊ नये म्हणून चार हात पुढे येत. आज धर्मादाय संस्था औषधास देतात, वह्यापुस्तकांस देतात. भाड्याचे नाव काढले की ‘ते आमच्या उद्दिष्टांत बसत नाही’ असे उत्तर मिळते. वस्तुतः एका महिन्याचे भाडे वेळेवर मिळाले तर पुढची पुष्कळ मदत करावीच लागणार नाही.

तेव्हा आमची सूचना अशी की महापालिकेने प्रभागवार अनामत निधी उभारावा. निधीने मालकास अनामतीची हमी द्यावी, कुटुंबाने ती हप्त्यांनी फेडावी. आजारपणात वा बेकारीत दोन-तीन महिन्यांचे भाडे परस्पर मालकास जावे. गरजू कोण हे वस्तीतील बचत गट आणि मंडळे कचेरीतल्या कारकुनापेक्षा अधिक जाणतात. त्यांची शिफारस घ्यावी, हिशेब मात्र जाहीर ठेवावा. वशिल्याची भीती खरी आहे, पण त्या भीतीने दवाखाने बंद झालेले नाहीत.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची दुसरी सदनिका कुलुपात आहे. भाडेकरू उठणार नाही, ही त्यांची धास्ती जुन्या कायद्याच्या काळातली आहे. करार नोंदलेला असेल तर मुदतीनंतर जागा परत मिळविण्याची तरतूद 1999 च्या कायद्यात आहे आणि तोवर दुप्पट आकार मिळतो. मात्र करार नोंदविणे ही त्याच कायद्याच्या 55 व्या कलमान्वये मालकाचीच जबाबदारी आहे. न नोंदविल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे प्रथम ग्राह्य धरले जाते. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले आहे काय? आणि 1987 च्या कायद्यान्वये स्त्रियांस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो हेही?

2025-26 साली महापालिकेचे अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते. पुढचे मांडताना एखाद्या प्रभागापुरता का होईना, या निधीचा आरंभ करण्यास पैसा नाही असे आयुक्तांस म्हणता येणार नाही.