दंडाआधी कैफियत

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत कोल्हापूरहून पन्हाळ्यास जाणारी एस.टी. शिवाजी पूल ओलांडते न ओलांडते तोच तिच्यात तिळाएवढी जागा उरत नाही. वाहक मागे अडकून पडतो, आणि अशा वेळी वाघबीळपाशी तपासनीस गाडीत शिरला, तर मुठीत भाड्याचे पैसे धरून उभा असलेला म्हातारा शेतकरीही विनातिकीट ठरतो. त्याच्यापाशी तिकीट नाही हे निर्विवाद. परंतु तेवढ्यावरून त्याच्या मनात भाडे बुडविण्याचा हेतू होता असे धरून चालणे हा उघड अन्याय आहे.

कायद्याचाही तसा आग्रह नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १२४ वे कलम विनातिकीट प्रवासास मनाई करते खरे, पण जेथे तिकीट गाडीतच मिळावयाचे तेथे चढल्यावर शक्य तितक्या लवकर ते घ्यावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. आणि १७८ व्या कलमात विनातिकीट प्रवाशास जो पाचशे रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे, तोच तिकीट देण्यात कसूर करणाऱ्या वाहकासही सांगितला आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, तरी त्यांना शून्य रकमेचे तिकीट घ्यावे लागते. सरकारी भरपाईच्या हिशेबास तो कागद हवा हे मान्य; पण तो वेळेवर हाती न पडल्यास त्याचा जाब आजीबाईंना का द्यावा लागावा?

आपण राहतो त्या इंग्लंडात रेल्वेचा हा दंड २०२३ पासून शंभर पौंड आहे, म्हणजे सौम्य मुळीच नाही. मात्र त्याविरुद्ध एकवीस दिवसांत दाद मागता येते, आणि पहिली दोन अपिले फेटाळली गेली तरी तिसरे स्वतंत्र पंचांपुढे जाते. पन्हाळ्यास ही कल्पना परकी वाटू नये. तेथे ज्यांची समाधी आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेचे झाड धन्यास राजी करून, मोल देऊनच तोडावे, असा दंडक घालून दिला होता. राज्याची निकड मोठी असली तरी रयतेचे म्हणणे आधी ऐकावे, ही शिस्त त्यात आहे.

म्हणून आपल्या मंडळाने परिवहन खात्याकडे रीतसर अर्ज करावा, असे मी सुचवितो: दंडाच्या पावतीवर प्रवाशाची जबानी त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, वाहक त्याच्यापर्यंत पोहोचला होता की नाही याची नोंद व्हावी, आणि दाद कोठे व किती मुदतीत मागावयाची हे तिच्यावर मराठीत, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल अशा ठळक टायपात छापलेले असावे.