विश्लेषण : एका घरात तीन भाषा, मग टीव्हीचं बिल किती? सोलापुरातल्या एचडी डीटीएचचं गणित

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणले जातात. इथल्या कामगार वस्त्यांमध्ये घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड किंवा हिंदी ऐकू येणं नेहमीचंच. याच रस्त्यावरच्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा 'रे नगर' प्रकल्प उभा राहिला आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यातली 15 हजार घरं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली. नव्या घरात आलं की छतावर छत्री लावायची का, लावली तर कोणती, आणि एचडीसाठी जास्त पैसे मोजायचे का, हे प्रश्न येतातच. तीन भाषा बोलणाऱ्या घराला ते जरा जास्तच महाग पडतात.

एचडी म्हणजे नेमकं काय?

साध्या म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे 4.15 लाख ठिपके. फुल एचडी चित्रात 1920 बाय 1080, म्हणजे सुमारे 20.7 लाख ठिपके असतात. तेवढ्याच पडद्यावर पाचपट तपशील मावतो, म्हणून क्रिकेटचा चेंडू आणि बातम्यांची पट्टी स्पष्ट दिसते.

हे चित्र सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाकडून येतं. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहेत. त्यातल्या जीसॅट-24 ची संपूर्ण क्षमता 2022 मध्ये याच कंपनीला भाड्याने देण्यात आली. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंशांवर आहे. म्हणूनच कंपनी बदलली की छत्रीची दिशाही बदलावी लागते. डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. जोराचा पाऊस सुरू असताना चित्र अडकतं आणि तो ओसरला की आपोआप येतं, ते यामुळे. पाऊस थांबल्यावरही चित्र येत नसेल, तर बहुधा छत्री हललेली असते किंवा वायरीच्या जोडात पाणी शिरलेलं असतं.

बिल कसं ठरतं?

भारतात खासगी डीटीएच सेवा 2003 मध्ये डिश टीव्हीने सुरू केली. एचडी सेवा 2010 मध्ये आली आणि प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीत यायला 2016 उजाडलं. आजच्या बिलाचा पाया मात्र 2019 च्या सुरुवातीला घातला गेला. 'ट्राय' या नियामक संस्थेच्या नव्या नियमांनुसार बिलाचे दोन भाग झाले. पहिला नेटवर्क आकार, म्हणजे जोडणीचं भाडं. दुसरा सशुल्क वाहिन्यांची किंमत. या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो.

नेटवर्क आकाराला सुरुवातीला 100 वाहिन्यांसाठी कमाल 130 रुपयांची मर्यादा होती. 2020 मध्ये त्याच पैशांत 200 वाहिन्या द्यायचं ठरलं. या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जाई. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. आता कंपन्या भागानुसार किंवा ग्राहकवर्गानुसार वेगवेगळा आकार लावू शकतात. अट एवढीच की दर जाहीर करावे लागतात.

तीन भाषांच्या घराला जास्त भुर्दंड का?

वाहिन्यांचे गुच्छ, म्हणजे 'पॅक', बहुतेक भाषेनुसार बांधलेले असतात. मराठी पॅकमध्ये तेलुगू वाहिनी सहसा नसते आणि तेलुगू पॅकमध्ये मराठी नसते. आजीला तेलुगू मालिका, सुनेला मराठी, शेजारच्या अक्कलकोट-विजयपूर भागातून आलेल्या पाहुण्यांना कन्नड आणि मुलांना हिंदी चित्रपट हवे असतील, तर एक पॅक पुरत नाही. प्रत्येक पॅकमध्ये न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचेही पैसे जातात.

इथे सुट्या वाहिन्या निवडण्याचा हक्क उपयोगी पडतो. गुच्छात घालायच्या वाहिनीची सुटी किंमत 19 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. समजा, चार भाषांतली प्रत्येकी एक वाहिनी 19 रुपयांची घेतली, तर 76 रुपये झाले. जुना 130 रुपयांचा आकार धरला तर 206, आणि करासह सुमारे 243 रुपये. तीन पॅकची बेरीज याहून बरीच पुढे जाऊ शकते. अर्थात प्रत्येक भाषेतल्या पाच-सहा वाहिन्या हव्या असतील, तर गुच्छच स्वस्त पडतो, कारण त्यावर सवलत असते.

आणखी एक नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. एकाच वाहिनीचं एसडी आणि एचडी रूप एकाच गुच्छात घालता येत नाही. त्यामुळे एचडी पॅक वेगळे असतात. ज्या भाषेतले सामने किंवा चित्रपट पाहिले जातात, तेवढ्यापुरतंच एचडी घ्यावं आणि बाकी वाहिन्या साध्या ठेवाव्यात, हे शक्य आहे.

फुकटच्या छत्रीत काय मिळतं?

डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. तिच्यावर सह्याद्री, तेलुगूची यादगिरी आणि कन्नडची चंदना या दूरदर्शनच्या तिन्ही वाहिन्या दिसतात. सोलापूरसाठी ही मोठी सोय आहे. पण लोकप्रिय खासगी मालिका वाहिन्या त्यात बहुतांशी नाहीत आणि जुना एमपेग-2 बॉक्स असेल तर एमपेग-4 तंत्रातल्या वाहिन्या दिसत नाहीत. नवा बॉक्स घेताना हे विचारून घ्यावं.

मग सशुल्क डीटीएच का घटतंय?

ट्रायच्या आकडेवारीनुसार, सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक मार्च 2023 मध्ये 6.52 कोटी होते. मार्च 2024 मध्ये ते 6.19 कोटींवर आणि मार्च 2025 मध्ये 5.69 कोटींवर आले. खालच्या बाजूने फ्री डिश आणि वरच्या बाजूने ब्रॉडबँड व ओटीटी, असा दुहेरी दाब आहे. कंपन्यांची तक्रार अशी की, त्यांना सरकारला परवाना शुल्क द्यावं लागतं, तर फ्री डिश आणि ओटीटीला ते नाही. हे शुल्क टप्प्याटप्प्याने संपवावं, अशी शिफारस ट्रायने 2023 मध्ये केली होती. टाटा प्ले आणि एअरटेल डिजिटल टीव्ही यांच्या विलीनीकरणाची बोलणी मे 2025 मध्ये फिसकटली.

ग्राहकासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. टिकवून ठेवण्यासाठी कंपन्या सवलती देतील. पण आकारावरची मर्यादा उठल्याने, ज्या भागात दुसरा पर्याय कमी तिथे दर वाढण्याची शक्यताही आहे. चांगल्या ब्रॉडबँडची जोडणी न पोहोचलेल्या वस्त्यांना याची झळ आधी बसू शकते.

एचडी घेण्याआधी काय तपासावं?

टीव्ही 'एचडी रेडी' आहे की 'फुल एचडी', ते पाहावं. बॉक्स आणि टीव्ही एचडीएमआय वायरीने जोडलेले असावेत. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही, म्हणजे पैसे एचडीचे आणि चित्र साधं. खोली लहान आणि टीव्ही मोठा असेल तर फरक लगेच दिसतो. छोटा टीव्ही लांबून पाहिला जात असेल तर तो फारसा जाणवत नाही. रिचार्ज करण्याआधी मागच्या महिन्यात घरात खरोखर कोणत्या वाहिन्या लावल्या, त्यांची यादी करावी. ती दहा-बारांच्या पुढे क्वचितच जाते आणि तीच यादी सांगून पॅक बदलून घेता येतो.